उपासाच्या दिवशीचा शुक्र

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात वसतिगृहाच्या जेवणघरात होते. फोन खाली रखवालदाराच्या टेबलावर. बाबा ट्रंककॉलवर नेहमी ओरडून बोलतात. नागपूर लांब आहे, आवाज पोचला पाहिजे म्हणून. त्या दिवशी मात्र ते इतके हळू बोलले की मला दोनदा "काय?" असं विचारावं लागलं. "कुसुम गेली," ते म्हणाले. "कॉलेजात जायची तयारी करून राहिली होती… चप्पल घालता घालता खाली बसली, ते बसलीच." नंतर थोडा वेळ नुसती तारेची खरखर येत राहिली. "तू ये," ते म्हणाले. मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. दिवाळीची सुट्टी संपवून मला पुण्याला परत येऊन महिनाही झाला नव्हता.

मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्याच्या दिवशी उमरेडहून लांबचे एक काका आले होते. पंगतीत बसल्यावर ते बाबांना म्हणाले, "लई हुशार पोरगी होती गा. पण तिच्या हातून काही झालं नाही. शुक्राचं ते एक होतं, तेबी उडालं." त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. हळहळ होती. बाबांनी मान हलवली. मी वरण वाढत होते, ते वाढत पुढे गेले. चारचौघांत पटकन उत्तर देणं मला कधीच जमलेलं नाही, आणि काका म्हणाले ते खोटंही नव्हतं. पण शुक्राचं ते नेमकं काय होतं, ते कुणी उडवलं आणि का, हे त्या पंगतीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण त्या हिवाळ्यात मी त्या घरात होते.

आमचं घराणं मूळचं उमरेडचं, हातमागावर लुगडी विणणाऱ्यांचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणीच नागपुरात आले आणि इतवारीच्या मागच्या एका गल्लीत त्यांनी माग टाकला. घर म्हणजे पुढची मागाची खोली, मागे स्वयंपाकघर, धान्याची एक अंधारी कोठी आणि वर अर्ध्या भागापुरता स्लॅब. बाबा कारकून झाले, लग्नानंतर प्रताप नगरला राहायला गेले आणि मला त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये घातलं. आत्या आबांजवळ राहिली. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती, त्यामुळे घरातली चूल आत्याकडेच होती. ती एम.एस्सी. झाली आणि मुलींच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागली, तरी चुलीत काही बदल झाला नाही. कॉलेजात तिला पराते मॅडम म्हणत आणि ती तिथे स्वच्छ पुस्तकी मराठी बोले. घरात पाय टाकला की भाषा बदले. मला हे लहानपणी फार नवलाचं वाटायचं, कारण मला एकच भाषा धड येत होती आणि ती त्या घरात कुणाच्या उपयोगाची नव्हती.

माणूस चंद्रावर उतरला त्याच्या आधीचा तो हिवाळा. माझ्या भावाच्या वेळी आईला डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मला इतवारीला पाठवलं. मी सहावीत होते. सकाळी स्कूलबस गल्लीत शिरू शकत नसे, धान्याच्या हातगाड्यांनी तोंडच बंद असायचं. आत्या मला रस्त्यापर्यंत सोडायची. संध्याकाळी मी मागाच्या खोलीत कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. आबा विणता विणता मधेच विचारत, "पोरी, तू बोलत काहून नाही वं? इंग्रजीत बोलतं का मनातल्या मनात?" मी हसायची. ते पुन्हा धोटा फेकायचे.

आत्याचं काम काय आहे हे तिने मला एका रविवारी स्लॅबवर दाखवलं. तिच्याकडे बोटभर लांबीची एक पितळी नळी होती, एका टोकाला बारीक फट आणि आत लोलक. डोळ्याला लावून आकाशाकडे धरली की आत सगळे रंग ओळीने पसरलेले दिसत, आणि त्या रंगांत मधे मधे काळ्या रेघा. काही केसासारख्या, काही जाडसर पट्ट्यांसारख्या. "हे काळं दिसून राहिलं ना," ती म्हणाली, "तेवढे रंग वाटेत कोणीतरी ठेवून घेतले. प्राणवायू आपले ठेवते, पाण्याची वाफ आपले ठेवते. परत्येकाची आवड ठरलेली. कोणते रंग गायब आहेत ते पाहिलं की उजेडाले वाटेत कोण भेटलं ते सांगता येते. तिथं जा नाही लागत." तांबड्याच्या अगदी शेवटाशी एक पट्टी होती, ती तिने मला पुन्हा पुन्हा शोधायला लावली. ती प्राणवायूची.

युनिव्हर्सिटीतल्या एका सरांच्या हाताखाली ती पीएच.डी. करत होती, आणि विषय होता शुक्राची हवा. शुक्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच. तो शुक्राच्या हवेत शिरतो, ढगांवरून उलटतो आणि आपल्याकडे येतो. तिकडच्या हवेत प्राणवायू असेल तर तांबड्याच्या टोकाची ती पट्टी नुसत्या सूर्याच्या उजेडापेक्षा शुक्राच्या उजेडात जास्त काळी दिसायला हवी. म्हणजे दोन फोटो घ्यायचे, एक सूर्याच्या वर्णपटाचा, एक शुक्राच्या, आणि शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. रशियाच्या यानाकडूनही शुक्रावर थोडा प्राणवायू असल्याचं त्या दिवसांत कानावर येत होतं, त्यामुळे विषय गरम होता. कॉलेजच्या कपाटात पडून असलेली दुर्बीण तिने मागून घेतली होती. तिला वर्णपटाची पेटी, म्हणजे त्या नळीचंच फोटो घेणारं मोठं रूप, जोडायला लागणारं पितळी कडं इतवारीतल्या भांडेवाल्याकडून ठोकून घेतलं होतं. पेटी मात्र एकच होती. म्हणून रोज सकाळी ती आबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन कॉलेजात न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. दुपारी, मुलींचं प्रॅक्टिकल असलं की प्रयोगशाळेच्या खिडकीतून सूर्य घ्यायची. संध्याकाळी घरच्या स्लॅबवरून शुक्र.

संध्याकाळ म्हणजे कधी, तर स्वयंपाक झाल्यावर. कॉलेजातून आली की ती चूल पेटवायची, वरण लावायची, भाकऱ्या थापायची. उजेड गेला की आबा मागावरून उतरत आणि सरळ ताटावर बसत; त्यांना गरम भाकरी लागे. त्यांचं झालं, माझं झालं, ओटा पुसला, की हात पदराला पुसत ती जिना चढायची. "आधी भाकरी, मंग शुक्र," आबा म्हणायचे. पाहुणे आले असले तर शुक्राला आणखी थांबावं लागे. आम्ही वर जाईपर्यंत तो पश्चिमेला गिरणीच्या चिमणीच्या जवळपास आलेला असायचा. दुर्बीण फिरवत राहायचं, फिल्मवर उजेड पडू द्यायचा, आणि तो चिमणीच्या आड गेला की संपलं. मग ती कोठीत शिरून, दाराच्या फटीला गोणपाट लावून फिल्म धुवायची. तेवढा वेळ आबांना धान्य काढायला कोठीचं दार उघडायची मनाई होती.

आणि पट्टी काळी येत होती. चांगली ठसठशीत. दुपारच्या सूर्याच्या फोटोत जेमतेम दिसणारी ती पट्टी शुक्राच्या फोटोत गडद उमटे. सर खूश होते. होळीनंतर नागपुरातच शास्त्रज्ञांची एक परिषद भरणार होती, तिथे आत्याने पेपर वाचायचा असं ठरलं. तो झाला की प्रबंध, आणि प्रबंध झाला की दक्षिणेतल्या एका मोठ्या वेधशाळेत काम करायला पाठवतो, असा सरांनी शब्द दिला होता. आत्या आमच्याशी सहसा स्वतःबद्दल बोलत नसे. पण त्या वेधशाळेतल्या दुर्बिणीबद्दल ती भाकरी थापताना बोलायची. तिथे पाहणारा माणूस शिडीवर चढून बसतो, रात्रभर बसतो, खाली कुणी जेवायला हाक मारत नाही. "जेवण?" मी विचारलं होतं. "तिथं दुसरा कोणी रांधते," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. शुक्रावर प्राणवायू सापडल्याची चार ओळींची बातमीही एका स्थानिक वर्तमानपत्रात आली. आबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ती कापून मागाच्या खांबाला खळीने चिकटवली. गल्लीतली माणसं थट्टा करायची. समोरचा रंगारी रोज विचारी, "काय गा आबाजी, पोरगी शुक्रावर हवा शोधून राहिली म्हणते. एखादा प्लॉट पाहून ठेव म्हणा माह्यासाठी."

महाशिवरात्र आली. आत्याचा उपास, आबांचाही उपास, आणि माझ्यासाठी दुपारचीच साबुदाण्याची खिचडी ठेवलेली. त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. आत्याला रिकाम्या हातांनी बसवेना, म्हणून ती लवकरच वर गेली. पुरता अंधारही नव्हता, शुक्र डोक्याकडे झुकलेला, स्वच्छ पांढरा. तिने निवांतपणे फोटो घेतला, एवढा निवांत तो पूर्वी कधी घेतला नव्हता. मग ती कोठीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ओली फिल्म होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कंदिलासमोर फिल्म धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"पट्टी फिकी आली," ती म्हणाली. "प्राणवायू कमी झाला."

आबांनी थोडा विचार केला. "शुक्रालेबी उपास असते का वं, कुसुम?"

मी हसले. आत्या हसली नाही. तिने एकदम आबांकडे पाहिलं, मग रिकाम्या चुलीकडे, आणि खाली बसली. तेव्हा मला काही कळलं नाही. पुढे तिनेच मला नीट समजावून सांगितलं. शुक्राला शिवरात्र नव्हती. फरक आमच्या घरात पडला होता. रोज स्वयंपाक उरकून वर जाईपर्यंत शुक्र खाली कललेला असायचा. कललेल्या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत येताना जमिनीलगतच्या हवेतून तिरपा, लांबलचक वाटेने येतो, आणि तेवढ्या वाटेत आपलाच, इथलाच प्राणवायू त्याचे रंग ठेवून घेतो. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला वाट थोडी, म्हणून त्याची पट्टी फिकी. दुपारचा सूर्य आणि जेवणानंतरचा शुक्र, या दोघांची ती तुलना करत आली होती. तिने जुन्या फिल्म काढल्या. पाहुणे आले होते त्या दिवसांच्या पट्ट्या सगळ्यांत काळ्या होत्या.

"हे मी दरवर्षी पोरींना शिकवते," ती मला नंतर म्हणाली. "मावळता सूर्य काहून लाल दिसते, ते. पण मले शुक्र रोज तिथंच दिसे ना, चिमणीपाशी. मले वाटे त्याचं घरच तिथं आहे…"

तरी तिने लगेच मान्य केलं नाही. तीन-चार दिवसांनी अमावास्येनंतरची कोर पश्चिमेला दिसू लागली, तेव्हा स्वयंपाक झाल्यावर ती वर गेली आणि शुक्राच्या जोडीला चंद्राचाही फोटो घेतला. चंद्रावर हवा नाही हे मलासुद्धा शाळेत शिकवलं होतं. कोठीतून बाहेर आल्यावर तिने दोन्ही फिल्म माझ्या हातात दिल्या. चंद्राच्या उजेडातही तांबड्याच्या टोकाला तीच काळी पट्टी होती, शुक्राइतकीच गडद.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. परत आल्यावर आबांना सांगत होती ते मी ऐकलं. सर रागावले नव्हते. ते म्हणाले होते की असं होतं. पेपरचं शीर्षक छापून गेलंय, बाहेरचे लोक येणार आहेत. आता जे आहे ते वाचा, उन्हाळाभर आणखी फोटो घ्या, दुरुस्ती पुढच्या वर्षी देता येते. सगळे तेच करतात. आबांना सरांचं पटलं. "बरोबर सांगून राहिले ते," ते म्हणाले. "कापडात एखादा धागा चुकला तर मी काय मागावरून उतरून बोंबलतो का? घडी घालून देतो. गिऱ्हाइकाले दिसत नाही."

"नेसली की दिसते ना, आबा."

"तवर ते तिचं झालं."

त्यावर ती हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. पण त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भाकऱ्या करपत होत्या आणि आबा त्या तशाच खात होते. आत्या स्लॅबवर जात नव्हती. रंगाऱ्याने प्लॉटचं विचारलं तर "हो हो" म्हणून आत यायची. एकदा मी रात्री पाणी प्यायला उठले, तर ती मागाच्या खोलीत खांबासमोर उभी होती, त्या चिकटवलेल्या बातमीपुढे. तिने मला पाहिलं. "झोप," म्हणाली. मला वाटलं ती बातमी फाडेल. तिने नखाने तिचा सुटलेला कोपरा खांबाला परत दाबला आणि दिवा मालवला. मला वेधशाळेतली ती शिडी आठवली. मी लहान होते, तरी एवढं कळत होतं की ती शिडी या खांबाला कुठेतरी बांधलेली आहे.

परिषदेच्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले. आम्ही दोघं हॉलच्या शेवटच्या रांगेत बसलो. आत्या आबांनी विणलेलं निळ्या काठाचं लुगडं नेसली होती. सर पुढे बसले होते. ती इंग्रजीत बोलली, कारण तिथे सगळे इंग्रजीतच बोलत होते. तिचा आवाज सुरुवातीला कोरडा होता. दोन फोटो पडद्यावर दाखवले, सूर्य आणि शुक्र. लोकांनी माना डोलावल्या. मग तिने तिसरा फोटो लावला, उपासाच्या दिवशीच्या शुक्राचा. आणि चौथा, चंद्राचा. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले.

आबा माझ्या कानाशी वाकले. "काय म्हणून राहिली ते?"

त्या घरातल्या कुणीतरी माझं इंग्रजी पहिल्यांदाच मागितलं होतं. "ती म्हणते… चूक झाली," मी म्हटलं. "ती म्हणते प्राणवायू आहे, पण तो शुक्राचा नाही. आपला आहे."

"सगळ्यायसमोर म्हणते?"

"हो."

 आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा वाकले. "आवाज फुटला का तिचा? मले इथून धड ऐकू येत नाही."

"नाही," मी म्हटलं. "नीट बोलते आहे."

"मंग ठीक आहे," आबा म्हणाले.

प्रश्न कुणी विचारले नाहीत. टाळ्या थोड्या झाल्या, त्याही चहाची वेळ झाली म्हणून असाव्यात. बाहेर व्हरांड्यात सर तिला म्हणाले, "हे असं सांगणार म्हणून आधी माझ्या कानावर घातलं असतं तर मी पेपर काढून घेतला असता. चारचौघांत धुणं धुवायची गरज नव्हती, पराते." ती म्हणाली, "बातमी छापून आली होती सर. काढून घेतला असता तर ती तशीच राहिली असती."  सर वाईट माणूस होते असं मला आजही वाटत नाही. त्यांनी आपलं नाव तिच्या नावाला जोडलं होतं आणि ते त्यांना पुढे अनेक दिवस ऐकून घ्यावं लागलं. पण वेधशाळेला दुसरा विद्यार्थी गेला. प्रबंध नव्या विषयावर नव्याने सुरू करावा लागला असता; एकदा तिने अर्ज आणला, मग आबा आजारी पडले, आणि ते राहून गेलं. मागाच्या खांबावरची बातमी मात्र कुणी काढली नाही. आबा गेले, माग विकला गेला, तेव्हा ती त्या खांबाबरोबरच गेली.

त्यानंतरची वर्षं सांगायला फारसं काही नाही. ती शिकवत राहिली. मी वाढले, विज्ञानाकडे वळले, ताऱ्यांचे वर्णपट पाहायला पुण्याला गेले. मी हा विषय का घेतला हे तिने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुट्टीत घरी आले की प्रताप नगरला सामान टाकून इतवारीला जायची, आणि आम्ही स्लॅबवर बसायचो.

या दिवाळीतही बसलो होतो. गल्लीत फटाके चालले होते, पश्चिमेचा उजेड अजून गेला नव्हता. ती एकदम म्हणाली, "रेणू, त्या बाकीच्या ताऱ्यायभोवती आपल्यासारखे दगडाचे गोळे असतीन ना?" मी म्हटलं, असतील, पण अजून एकही कुणाला सापडलेला नाही. "सापडन," ती म्हणाली. "मंग त्याची हवा कशी पाहाची?" मी बोलणार तोच तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली; विचार बराच जुना असावा. तो गोळा आपल्या ताऱ्याच्या तोंडावरून सरकत असेल, तेव्हा त्याच्या काठाला जी हवेची बारीक कड असते, तिच्यातून ताऱ्याचा थोडा उजेड गाळून आपल्याकडे येईल. तेवढ्या उजेडात कोणते रंग गायब आहेत ते पाहायचं. मी तिथे सांडलेल्या रांगोळीत बोटाने आकडे लिहिले. तारा एवढा, गोळा एवढा, कड एवढी. उत्तर इतकं लहान आलं की मला संकोच वाटला. "आत्या, आपल्या हयातीत हे कुणाला दिसणार नाही," मी म्हटलं.

"आपल्या हयातीचं कोण विचारून राहिलं वं?" ती म्हणाली. "पण पाहणाऱ्याले सांगून ठेव, आधी आपला वजा करा." मग पश्चिमेकडे पाहत, "आन् तिकडून कोणी आपल्याकडे पाहिलं, तर त्याले ही पट्टी दिसन. आपल्या प्राणवायूची. एवढा प्राणवायू नुसत्या दगडातून निघत नाही, झाडं लागतात. तो म्हणन, इथं काहीतरी हिरवं आहे…" खालून कुणीतरी तिला हाक मारली. ती उठली आणि पायाने रांगोळी सारखी करत, माझे आकडे पुसत जिन्याकडे गेली.

मागच्या आठवड्यात मी तिच्या कॉलेजात गेले. घर आवरताना ती पितळी नळी सापडली होती आणि तिच्यावर कॉलेजचा नंबर होता, म्हणून परत करायला. प्रयोगशाळेत एकच मुलगी होती, स्टूल उचलून बाहेर निघालेली. मी आता शिकवणाऱ्या मॅडम कुठे आहेत विचारलं. "गच्चीवर, ताई. आज आमची पराते मॅडमची चूक आहे ना."

"काय आहे?"

"प्रॅक्टिकल," ती म्हणाली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. "दुपारी एकदा सूर्य पाहाचा आन् मावळताना एकदा. मंग दोन्हींतला फरक लिहाचा. पराते मॅडमनंच तसं नाव ठेवलं म्हणते. दर बॅचले असते. पहिले पोरींच्या घरचे उशीर होते म्हणून ओरडत, तर मॅडम स्वतः घरोघरी जाऊन आयांना सांगून याच्या."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं.

मी तिच्या मागे गच्चीवर गेले. कठड्यापाशी मुलींची रांग होती. कुणी शेंगदाणे खात होती, कुणी बसच्या वेळेवरून दुसरीशी भांडत होती. शिकवणारी बाई आत्याचीच जुनी विद्यार्थिनी. तिने मला ओळखलं, नळी माझ्या हातातून घेतली आणि मुलींना पाहायला दुसरी नळी म्हणून रांगेत देऊन टाकली. सूर्य खाली गेला होता. डोळा लावलेली मुलगी म्हणाली, "बापा, किती काळी झाली वं. दुपारी तर नव्हती अशी."

"तुह्या काजळानं झाली असन," मागची म्हणाली. "सरक, मले पाहू दे."

सगळ्या आळीपाळीने पाहत गेल्या. स्टूल घेऊन आलेल्या मुलीने मला विचारलं, "ताई, तुम्ही पाहता का?"

मी पुढे झाले. तांबड्याच्या शेवटाशी पट्टी होती, रुंद आणि काळी.

"दिसली?" तिने विचारलं.

"दिसली," मी म्हटलं, आणि पुढच्या मुलीला जागा करून दिली.